चौथ्या फेरीतला डावा गार्ड

शनिवार, २६ एप्रिल २०२५, येना. सकाळी ढग, दुपारनंतर ऊन. जिना पुसायची पाळी माझी होती, पुसला. एशिया शॉपमधून चण्याची डाळ आणि गूळ आणला. नदीकाठच्या रानातली बेअरलाउखची पानं आता जून झाली, लसणीसारखा वास फार उग्र येतो. उरलेली थालीपिठात संपवली. भास्करभावजी सहाला खाली येणार आहेत. आज ड्राफ्टचा शेवटचा दिवस. ओजसचा फोन नाही. चण्याची डाळ पातेल्यात काढून ठेवली.

ही नोंद मी दुपारीच करून ठेवली. एरवी रात्रीची भांडी झाली की लिहिते, पण त्या दिवशीची संध्याकाळ कशी जाईल ते सांगता येत नव्हतं. पुण्याला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर एर्मेलिंडे नावाच्या एक जर्मन नन होत्या. त्यांनी आम्हा मुलींना डायरीची सवय लावली. त्यांचा दंडक असा की काय घडलं ते लिहायचं, काय वाटलं ते देवाला सांगायचं, आणि शेवटची ओळ घरातल्या एखाद्या साध्या गोष्टीची ठेवायची. मी तो अजून पाळते. पण भावजींबद्दल माझ्या डायऱ्यांमध्ये इतकं काही तुटक तुटक पडलं आहे की ते एकदा सलग लिहावंसं वाटलं.

भास्करभावजी माझे धाकटे दीर. ह्यांना जर्मनीत येनामध्ये भिंगांच्या संशोधनात नोकरी मिळाली आणि आम्ही इथे आलो. चार-पाच वर्षांनी भावजीही आले. ते मेकॅनिकल इंजिनिअर, भिंगं घासायची यंत्रं करणाऱ्या कंपनीत होते. हे गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. भावजीही निवृत्त झाले. गावाच्या लोबेडा भागातल्या एकाच इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर आणि ते पाचव्या. रोज सकाळी चहाला खाली येतात. लिफ्ट असली तरी जिन्यानं, रेलिंगवर अंगठी वाजवत. त्या आवाजावर मी आधण ठेवते.

त्यांना वेड आहे ते फुटबॉलचं. इथला पायानं खेळायचा नव्हे. अमेरिकेतला, चेंडू हातात धरून एकमेकांवर आदळायचा. कंपनीनं त्यांना एका हिवाळ्यात सहा महिने तिकडे पाठवलं होतं. घरमालक म्हातारा एकटा होता, त्याच्याकडे सामन्याचं जास्तीचं तिकीट असायचं. बर्फात बसून भावजींनी त्या गावच्या संघाला एकामागून एक सामने हरताना पाहिलं.

"हरल्यावर लोक उठून टाळ्या वाजवत होते, वहिनी," ते मला सांगत. "म्हटलं, झालं, हे आपलेच लोक."

तेव्हापासून तो संघ 'आपले लोक'. मीही डायरीत तसंच लिहीत आले: आज भावजींचे लोक हरले.

वर्षातून एकदा त्यांच्या अंगात उत्साह संचारे तो वसंतात, ड्राफ्टच्या वेळी. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांमधून संघांनी आपापले नवे खेळाडू निवडायचे. ज्या संघाची आदल्या वर्षी जास्त दैना झाली त्याचा नंबर आधी. अशा सात फेऱ्या, तीन दिवस चालतात. ज्याची निवड होते त्याला फोन येतो आणि मग नाव पुकारलं जातं. भावजींच्या लोकांचा नंबर नेहमी आधी असे, आणि ते नेहमी चुकीचा माणूस उचलत, असं भावजींचं ठाम मत.

ते मला पटवून द्यायला पोह्यातले दाणे वेचून ताटलीच्या कडेला ओळीनं मांडत.

"हे पाच जण बघा. ह्यांच्या हातात चेंडू कधी येत नाही. ह्यांनी फक्त समोरच्याला अडवायचं, म्हणजे मागे फेकणाऱ्याला दोन श्वास मिळतात. ह्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं."

"दाणे खायचे असतात भावजी."

"खातो हो. आपले लोक काय करतात? दर वर्षी नवा पळणारा आणतात, नाहीतर नवा झेलणारा. छप्पर गळतंय आणि हे झुंबर विकत घेतायत!" डावीकडून दुसरा दाणा ते बोटानं पुढे सरकवत. "हा डावा गार्ड. आमचा डावा गार्ड गुडघा धरून घरी बसला. ह्या वर्षी चौथ्या फेरीत डावा गार्ड घेतला नाही तर मी टोपी जाळून टाकीन."

ती लोकरीची टोपी त्यांच्या डोक्यावर मेपर्यंत असते. ती त्यांना ओजसनं पाठवली होती.

ओजस त्यांचा मुलगा, आणि ओजस डावा गार्ड आहे.

त्याची आई उलरीके इथलीच, उंचीनं भावजींच्याही वर. मुलगा तिच्यावर गेला. दहा वर्षांचा असताना तो आमच्या दारातून आडवा होऊन आत येई. गावातल्या क्लबात तो हा खेळ शिकला. भावजी शनिवारी ट्रामनं त्याला मैदानावर न्यायचे आणि कुंपणाशी उभे राहून फक्त त्याचे पाय बघायचे. पुढे अमेरिकेतल्या एका कॉलेजनं त्याला शिष्यवृत्ती देऊन बोलावलं. ह्या वर्षी तो ड्राफ्टसाठी उभा होता. चौथ्या-पाचव्या फेरीत कुणी ना कुणी घेईल असं तिकडचे जाणकार लिहीत होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचे सासरे सांगलीला शाळेत हेडमास्तर होते. भावजी बोर्डात आले तेव्हा गाव घरी लोटलं. सासरे सगळ्यांना म्हणाले, "कसला हुशार? गणितात कच्चाच आहे." म्हणताना त्यांचा हात भावजींच्या खांद्यावर होता, आणि दुपारी त्यांनी गुपचूप पेढे आणून देवापुढे ठेवले. आपल्या मुलाचं कौतुक आपल्याच तोंडानं करायचं नाही, दृष्ट लागते, आणि बरंही दिसत नाही. घरातल्या सगळ्यांना ते कळत होतं. 'कच्चा आहे' म्हणाले की समजायचं, स्वारी खूश आहे.

भावजींनी ते जसंच्या तसं येनाला आणलं. ओजसच्या किंडरगार्टनमध्ये शिक्षिका म्हणाली, तुमचा मुलगा किती शांत आणि मदत करणारा आहे. भावजी म्हणाले, "कसला हो, आळशी आहे नुसता." शिक्षिकेनं ते लिहून घेतलं. पुढच्या बैठकीत ओजसच्या आळसावर काय उपाय करता येईल ह्यावर पाऊण तास चर्चा झाली. उलरीके त्या दिवशी माझ्याकडे येऊन हसून हसून रडली होती.

पण तिनं एक केलं. तेव्हापासून भावजी असं काही बोलले की ती ओजसला बाजूला घेई आणि जर्मनमध्ये सांगे, पापा म्हणतोय की त्याला तुझा अभिमान वाटतो. मी कितीदा ऐकलं आहे. "आज तू ढेपाळलास," असं भावजी गाडीत पुढून म्हणत आणि मागून उलरीके हळूच सांगे, "म्हणजे आज तू फार छान खेळलास." ओजस हसे. कधी कधी तोच विचारी, "ममा, काय म्हणाला तो?" शब्द त्याला कळलेले असत. मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देतो.

उलरीके सहा वर्षांपूर्वी वारली. त्याच उन्हाळ्यात ओजस अमेरिकेला गेला. बापलेक आठवड्यातून एकदा फोनवर बोलत. बोलणं बहुतेक फुटबॉलचंच, आपल्या लोकांनी कुणाला घ्यायला हवं होतं आणि कुणाला घेतलं. भावजी माझ्या स्वयंपाकघरात बसून स्पीकरवर बोलत, म्हणून मला ठाऊक. सामना झाला की भावजी सांगत, डावा पाय उशिरा पडला. पलीकडून ओजस म्हणे, हो, पापा. मध्ये कुणी नसे.

मार्चमध्ये एर्फुर्टहून टोरबेन नावाचा एक तरुण आला. तो आणि त्याचा मित्र ह्या खेळावर पॉडकास्ट करतात. इथल्या थुरिंगिया राज्यातला मुलगा ड्राफ्टमध्ये, वडील भारतीय, आणि वडिलांच्या आवडत्या संघाला नेमका डावा गार्ड हवा आहे. त्याला ह्याहून काय पाहिजे? भावजींच्या शेजारच्या घरात ड्रिलिंग चाललं होतं, म्हणून रेकॉर्डिंग माझ्याकडे ठेवलं. मी चिवडा दिला. टोरबेननं तो आवडीनं खाल्ला आणि मिरची दाताखाली आल्यावर दोन ग्लास पाणी प्याला.

भावजी रंगात आले होते. छप्पर, झुंबर, गुडघा, सगळं जर्मनमध्ये सांगून झालं. मग टोरबेननं विचारलं, "तर मग, मिस्टर भास्कर, आता अगदी खरं सांगा. चौथी फेरी. तुमच्या संघाची पाळी. तुम्ही ओजसला घ्याल?"

भावजी हसले. "ओजसला? छे! त्याला कशाला? डावा पाय उशिरा पडतो त्याचा. त्याच्याहून चांगले पाच तरी आहेत."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बोलताना भावजींचा हात टेबलावरच्या त्या टोपीवर होता, आणि ते ती थोपटत होते. मायक्रोफोनला हात दिसत नाही.

"किती प्रामाणिक!" टोरबेन म्हणाला. तो अगदी भारावून गेला होता. त्यात खोट काही नव्हती; इथे माणूस जे बोलतो ते त्याचं मत असतं. आठवड्यानं पॉडकास्ट आला आणि त्याचं नाव होतं, 'वडीलसुद्धा घेणार नाहीत'. तेवढाच तुकडा कापून त्यांनी सगळीकडे लावला. लोकांना गंमत वाटली.

ओजसचा संदेश आला तो जर्मनमध्ये, एका ओळीचा: प्रामाणिक मताबद्दल आभार. त्यानंतर त्या आठवड्याचा फोन आला नाही, पुढच्याचाही नाही.

"तुम्ही करा फोन," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"मनात आहे ते."

"मनात काय आहे ते त्याला माहीत नाही? तेवीस वर्षांचा घोडा झालाय तो."

"नाही माहीत. उलरीके सांगायची तेव्हा माहीत व्हायचं."

भावजींच्या चहावर साय आली तरी कप उचलला नाही.

"बरं, मला सांगा," मी म्हटलं, "त्याच्याहून चांगले खरंच पाच आहेत?"

"डावा पाय उशिरा पडतो ते खरं आहे," ते म्हणाले. मग दाराकडे बघून, कुणी ऐकत असल्यासारखं, आवाज खाली आणून म्हणाले, "पाच कुठले? एकही नाही, वहिनी. मी सगळ्यांचे सगळे सामने बघितलेत. चौथ्या फेरीत काय, आपल्या लोकांना अक्कल असेल तर तिसऱ्यात उचलतील त्याला."

"मग हेच त्याला सांगा की!"

"आता? आता सांगितलं तर समजूत घालतोय असं वाटेल त्याला. ते नको." त्यांनी मान हलवली. "त्याचं नाव पुकारू दे. पुकारलं की त्याच मिनिटाला सांगतो. मग कुणी म्हणणार नाही, बाप आहे म्हणून बोलतोय."

मी परोपरीनं सांगून पाहिलं. ते त्यावरच अडून राहिले. त्या दिवसापासून भावजींना ड्राफ्टमधून एकच गोष्ट हवी होती. ओजसचं नाव यायला हवं होतं, म्हणजे त्यांना तोंड उघडता आलं असतं. आपल्या लोकांनी घेतलं नाही तरी चालेल, म्हणाले, कुणीही घेऊ दे.

ख्रिसमसला ओजसनं शब्द दिला होता की निकाल काहीही लागो, जूनमध्ये घरी येईन. आता त्याबद्दलही काही कळत नव्हतं.

तर शनिवारी सहाला रेलिंगवर अंगठी वाजली. हाच खेळ बघणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळींचा श्टामटिश, महिन्यातून एकदा ठरलेल्या टेबलावर बिअर पीत बसणारा, त्या दिवशी ड्राफ्ट एकत्र बघणार होता. भावजी तिकडे गेले नाहीत. पहिल्या तीन फेऱ्या आधीच्या दोन दिवसांत झाल्या होत्या, ओजसचं नाव आलं नव्हतं. भावजींनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, टोपी घातली. ओट्यावर ताटलीनं झाकलेलं पातेलं त्यांना दिसलं.

"हे काय?"

"चण्याची डाळ. नाव आलं तर उद्या पुरण घालते."

"भिजवली नाही ना?"

"नाही अजून."

"नका भिजवू. आधीपासून नको."

मी पातेलं तसंच झाकलेलं ठेवलं.

नावं पुकारली जात होती. अनोळखी गावं, अनोळखी मुलं, कुणाची आई रडतेय, कुणाचे मित्र नाचतायत. भावजी फोन पालथा घालून बसले होते. मला खेळातलं कळत नाही, पण 'आपल्या लोकांची' पाळी आली तेव्हा त्यांच्याकडे बघून कळलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावरच्या माणसानं कागद उलगडला आणि नाव वाचलं. एक झेलणारा होता. फार वेगानं पळतो म्हणे.

"झुंबर," भावजी म्हणाले.

मी थालीपीठ वाढलं. त्यांनी अर्धं खाल्लं. पाचवी फेरी संपत आली तशी मला झोप आवरेना. भावजी लॅपटॉप काखेत घेऊन वर निघाले. "उरलेलं वर बघतो, तुम्ही पडा," म्हणाले. दारात थांबून म्हणाले, "सातव्यातही घेतात हो. सातव्यातले किती जण पुढे नाव काढतात."

रविवारी सकाळी अंगठीचा आवाज आला नाही. लिफ्टचा आला. मी आधण ठेवलं नव्हतं.

भावजी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नाही."

"कुणीच?"

"नाव नाही आलं. संपल्यावर उरलेल्यांना संघ फोन करून बोलावतात, त्या यादीतही कुठे नाही."

त्यांनी दाढी केलेली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. रविवारी ते असे नसतात. चहा घेतला, एक बिस्किट खाल्लं, आणि म्हणाले, "आता काय सांगू त्याला, सांगा तुम्ही."

मी म्हटलं, "तेच सांगा."

दुपारी, तिकडे सकाळ झाली असेल अशा बेतानं, त्यांनी माझ्या टेबलाशी बसून फोन लावला आणि सवयीनं स्पीकरवर टाकला. ओजसनं लगेच उचलला. भावजी मराठीत बोलले, तो जर्मनमध्ये. मी दोघांचंही मराठीतच लिहिते.

"पापा."

"जेवलास?"

"इथे सकाळ आहे."

"हो, हो. नाश्ता मग."

"झाला."

भावजींनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "ओजस, मी त्या पोराला बोललो ना, की तुझ्याहून चांगले पाच आहेत. ते खरं नव्हतं. एकही नव्हता. मी सगळे बघितले. तू सगळ्यांत चांगला होतास."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"आत्ता सांगतोस?" ओजस म्हणाला.

"आत्ता सांगतोय."

"शुक्रवारी का नाही? मार्चमध्ये का नाही?"

"मार्चमध्ये सांगितलं असतं तर..." भावजींनी माझ्याकडे बघितलं. ते वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. जर्मनमध्येही आलं नसतं.

"मला वाटलं," ओजस सावकाश म्हणाला, "की बाकीचे लोक चुकू शकतात. तू नाही चुकत. तू फक्त पाय बघतोस. म्हणून मी सगळा महिना फक्त डाव्या पायावर मेहनत केली. दुसरं काही केलंच नाही." मग म्हणाला, "डावा पाय अजून उशिरा पडतो का?"

आता खोटं बोलून चालण्यासारखं होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, बोला.

"पडतो," भावजी म्हणाले. "थोडासा. ते खरं आहे."

"गेनाऊ," ओजस म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. तो हसला की काय, मला नीट समजलं नाही.

माझ्यानं राहवेना. मी फोनकडे वाकून म्हटलं, "ओजस, काकू बोलतेय रे. पापाचं म्हणणं काय आहे माहितेय का, आमच्याकडे ना, मुलाचं असं समोर..."

"काकू," तो म्हणाला, आणि एवढं मात्र मराठीत बोलला. "ते ममा करायची. तुम्ही नका करू."

रागानं नाही बोलला. हळू बोलला, म्हणून मी खुर्चीत मागे टेकले.

मग त्यानं सांगितलं की कॉलेजमध्येच मुलांना शिकवायचं, सहायक प्रशिक्षकाचं काम मिळतंय. उन्हाळी शिबिरं जूनपासून आहेत. जूनमध्ये जमणार नाही. ख्रिसमसला बघू.

"बघू," भावजी म्हणाले. "जेवत जा वेळेवर."

"हो, पापा."

फोन बंद झाल्यावर भावजींनी तो पालथा ठेवला. खाली अंगणात कुणाचं मूल एकटंच सायकलची घंटी वाजवत होतं. रविवार, बाकी कुठलाच आवाज नाही. भावजी म्हणाले, "ते जे काल घेतलंय ना पोरगं, पळतं चांगलं, वाईट नाही. पण त्याच्यापर्यंत चेंडू पोचला पाहिजे. फेकणाऱ्याला उभंच राहू दिलं नाही तर..."

"हो," मी म्हटलं.

"डावीकडून येतील आणि पाडतील त्याला."

ते उठले. टोपी टेबलावरच राहिली होती. मी हाक मारून दिली. त्यांनी ती घातली नाही, खिशात कोंबली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

रात्री भांडी झाल्यावर डायरी काढली. लिहिलं ते असं:

रविवार, २७ एप्रिल. दिवसभर ऊन. भावजी सकाळी आणि दुपारी आले. ओजसशी बोलणं झालं. त्याची निवड झाली नाही. जूनमध्ये येणार नाही. चण्याची डाळ पातेल्यातून परत बरणीत ओतली.